हिच्या नावावरचा गुन्हा

६ जानेवारी

ही वही मी खरं तर लॅबसाठी आणली होती. कुठल्या पेशंटच्या दाताला कुठला रंग दिला, ते लिहून ठेवायला. पण आजची बातमी कागदावर उतरवल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून दातांची पानं मागे ठेवली आणि इथून माझी सुरू केली.

मला नोकरी मिळाली. परदेशात. सत्तेचाळिसाव्या वर्षी!

मी दात बनवतो. कवळ्या, कॅपा, ब्रिज. एकविसाव्या वर्षापासून तेच करतोय. तिकडच्या एका लॅबने नमुना मागवला होता. खालच्या जबड्याचा तीन दातांचा ब्रिज करून पाठवला आणि विसरूनही गेलो. आज पत्र आलं, की यातला खरा दात कुठला आणि केलेला कुठला, हे आमच्या माणसांना ओळखता आलं नाही, तुम्ही या. कुटुंबासह या.

मुलगी नाचायलाच लागली. ती पंधराची आहे, माझ्यापेक्षा चार बोटं उंच आणि काडीसारखी, म्हणून घरात तिला शेंग म्हणतात. तिच्या नाचण्यात स्वयंपाकघरातलं एक भांडं गेलं. ही मात्र शांतपणे गॅस बंद करून बाहेर आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं." मग डोळे पुसले आणि विचारलं, "फॉर्म कुठाय?"

अशी आहे ही. आनंदाचासुद्धा आधी फॉर्म भरणार.

९ जानेवारी

फॉर्म एकतीस पानांचा आहे. ही वाचनालयात नोकरी करते, त्यामुळे रकाने आणि नोंदी हा तिचा प्रांत. पेन्सिल घेऊन बसली. माझा जन्म, तिचा जन्म, शेंगेचा जन्म, सगळं भराभरा झालं. एकोणिसाव्या पानावर थांबली.

"हे पान नंतर," म्हणाली आणि पेन्सिल कानावर खोचून कपड्यांना इस्त्री करायला गेली. ओले कपडे होते ते.

थंडीला घाबरली असेल. तिकडे थंडी फार.

११ जानेवारी

रविवार. शेंग मैत्रिणीकडे गेली होती. ही समोर येऊन बसली.

"पान एकोणीस. तिथे 'हो' लिहायचं."

मी पान उघडलं. प्रश्न असा होता: अर्जदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला कोणत्याही देशात, कधीही, गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे काय?

मी हसलो. "मी काय केलंय गं?"

"तुम्ही नाही. मी."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण ही थट्टा करते तेव्हा तिच्या डाव्या गालाला खळी पडते, आणि आज गाल सपाट होता.

लग्नाआधी ही वर्षभर फुलांच्या देशात कामाला होती, एवढं मला माहीत आहे. काचेच्या मोठमोठ्या शेडमध्ये तिथे फुलं वाढवतात, ती खुडायचं काम. तिथेच झालं म्हणे. कुलूप तोडून चोरी. तीन महिने कैद, पण स्थगित केलेली, म्हणून तुरुंग बघावा लागला नाही. चोवीस वर्षं झाली.

"काय चोरलंस?"

"ते कोर्टाच्या कागदात असेल," म्हणाली आणि उठली.

एकोणीस वर्षं संसार केला. मला वाटत होतं, हिचं मला सगळं माहीत आहे.

१२ जानेवारी

लॅबमध्ये लक्ष लागलं नाही. एका सुळ्याला चुकून दाढेचा आकार देत होतो.

हिच्या नावावर चोरी? ही बाई एकदा बँकेतलं पेन चुकून पर्समध्ये आलं म्हणून बस बदलून परत द्यायला गेली होती. रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला उभी राहते, मागचे लोक शिव्या घालतात तरी. घरातल्या प्रत्येक वस्तूची पावती एका डब्यात आहे, अगदी कंगव्याचीसुद्धा. अशी सरळ बाई चोरी करेल कशी? नक्की कुणीतरी घोळ घातलाय.

किंवा कुणासाठी तरी केली असेल.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो. दरवर्षी नोव्हेंबरात हिला एक परदेशी फोन येतो. ही गॅलरीत जाते, दार ओढून घेते, मला न कळणाऱ्या भाषेत बोलते आणि खळखळून हसते. मी कधी विचारलं नाही. आपण बरे की आपलं काम बरं. पण माझ्या मनात तो फोनवाला उंच आहे आणि त्याला मिशा आहेत.

१५ जानेवारी

व्हिसाची कामं करून देणाऱ्या एकाकडे गेलो. एकटाच. टाय घट्ट आवळून बसला होता. त्याने माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"साहेब, चोवीस वर्षं! तिसऱ्याच देशातलं! कोण खणत बसतंय? सरळ 'नाही' लिहा. नाहीतर बायकोचं नावच नका घालू. एकटे जा, मग बघू."

त्याचे वरचे चार दात एकाच पांढऱ्या रंगाचे होते. खऱ्या माणसाचे दात असे नसतात. मुळाशी पिवळसर असतात, टोकाला थोडे पारदर्शक होत जातात. ज्याने ते केले त्याला काम येत नाही, हे कळत होतं. तरी मी त्या दातांमधून येणारं सगळं ऐकून घेतलं.

१६ जानेवारी

'नाही'च्या चौकटीत खूण केली. खूण करताना मी स्वतःला सांगत होतो की हे तिच्यासाठी करतोय. आत्ता लिहिताना दिसतंय की ते माझ्यासाठीच होतं. मला तिकडे जायचंय, फार जायचंय.

१८ जानेवारी

हिने फॉर्म तपासला. तपासणारच होती, मी एवढा मूर्ख कसा?

ओरडली नाही. पान माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या नावावर एक गुन्हा आहे. तो माझा आहे. तुमच्या नावावर दुसरा कशाला चढवताय?"

"अगं, कुणाला कळणार नाही."

"कळलं तर खोटं बोलल्याबद्दल तुम्हालाही बंदी. झालेल्या गुन्ह्याचं काहीतरी सांगता येतं, लपवलेल्याचं काय सांगणार? आणि समजा नाही कळलं. मग तिकडे रोज बेल वाजली की दचकायचं? चोवीस वर्षं तेच केलंय मी. पुरे झालं."

मग खोडरबर आणून स्वतःच्या हाताने माझी खूण पुसली. पान फाटू नये म्हणून खालून पुठ्ठा धरला होता.

बेल वाजल्यावर ही दचकते हे मी पाहिलंय, पण आमची बेलच कर्कश आहे. बदलून टाकतो.

मला तिची माफी मागायची होती. मी म्हणालो, "चहा घेतेस?" ती म्हणाली, "घेईन." झाली माफी.

२३ जानेवारी

आता खऱ्या वकिलाकडे. वकीलीणबाई साठीच्या, गुबगुबीत, आणि त्यांच्या खालच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. फट असलेली माणसं मोकळी बोलतात, हा माझा अनुभव.

त्यांनी नीट समजावलं. शिक्षा झाली म्हणून अर्ज आपोआप फेटाळत नाहीत. गुन्हा काय होता, किती जुना, शिक्षा किती, आणि त्यानंतर माणूस कसा वागला, एवढं बघतात. त्यासाठी फुलांच्या देशातल्या पोलिसांचा दाखला हवा, कोर्टाचा निकाल हवा, त्याचं अधिकृत भाषांतर हवं, आणि हिने आपल्या शब्दांत लिहिलेलं पत्र हवं.

"आणि एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "अर्ज घराचा असतो. एकाचं अडलं की तिघांचं अडतं."

हिने पर्सचा पट्टा दोनदा गुंडाळला, सोडला. "मग हे दोघं जाऊ देत. मी राहते इथे."

एवढ्या सहज म्हणाली! मला वाटलं, हिला यायचंच नाहीये.

"मागे राहिलात तरी तुमची माहिती द्यावीच लागते, बाई," वकीलीणबाई हसून म्हणाल्या. "नवऱ्यापासून असं स्वस्तात सुटता येत नाही."

ही हसली. खळी पडली. बारा दिवसांनी पाहिली.

२४ जानेवारी

शेंगेला सांगितलं. हिनेच सांगितलं, पाठ ताठ करून, जणू शेंगच न्यायाधीश.

शेंगेने डोळे बारीक केले. मग म्हणाली, "म्हणजे मी परवा शाळेची घंटा वाजवून पळाले तेव्हा तू मला दोन तास जे काही सुनावलंस ते..."

"ते वेगळं."

"आई! तू कुलूप तोडलंस?"

"तोडलं."

"कशानं?"

"फुलं कापायच्या कात्रीनं."

"भारीच!" शेंग ओरडली आणि तिच्या गळ्यातच पडली. ही म्हणत राहिली, "भारी काही नाही त्यात, अगं, सोड मला," पण तिने स्वतः काही शेंगेला सोडलं नाही.

९ मार्च

इतके दिवस नुसती वाट पाहण्यात गेले, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज कोर्टाचा निकाल भाषांतर होऊन आला. तीन पानं. जेवणाच्या टेबलावर ठेवला. ही भिंतीकडे तोंड करून भाजी निवडत बसली. मीच वाचला, मोठ्याने.

मालकाच्या कार्यालयातील टेबलाचा खण फोडून आरोपीने पुढील वस्तू चोरल्या: पासपोर्ट, नग चौदा. छत्री, काळी, पुरुषी, नग एक.

मी थांबलो. "पासपोर्ट? कुणाचे?"

"आमचेच," ही म्हणाली. "एक माझा, बाकी तेरा जणींचे."

मग एकेक शेंग निवडल्यासारखं एकेक वाक्य निवडत तिने सांगितलं. वेगवेगळ्या देशांतल्या चौदा मुली होत्या. मालकाने पहिल्या दिवशीच सगळ्यांचे पासपोर्ट सांभाळून ठेवतो म्हणून घेतले. करार संपला तरी देईना. हंगाम संपू दे, म्हणायचा, आणि एक हंगाम संपला की दुसऱ्या फुलांचा सुरू व्हायचा. त्यांच्यातली एक ट्रॅक्टर चालवायची. तिची आई घरी अंथरुणाला खिळलेली. तिने अकरा वेळा पासपोर्ट मागितला.

"अकरा?" शेंगेने विचारलं.

"मी मोजत होते. बाराव्या वेळी मी मागायला गेले. तो म्हणाला, तू कोण तिची? त्या रविवारी तो कुठल्याशा लग्नाला गेला. मी कात्री घेतली."

पॅकिंगच्या शेडमध्ये नावं पुकारून तिने जिचा तिला पासपोर्ट दिला. सगळ्या दुपारच्या बसने निघून गेल्या.

"आणि तू?"

"मला पावती लिहायची होती."

"पावती?"

"त्याच्या खणातून चौदा पासपोर्ट काढले होते. त्याला कळायला नको, कोणी नेले? लिहून ठेवलं. चौदा नग मिळाले, तारीख, वेळ, सही."

शेंग टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. मलाही आवरेना.

"हसा," ही म्हणाली, पण तिचेही ओठ हलायला लागले होते. "त्यात माझी बस चुकली. पुढची दोन तासांनी. बाहेर बर्फासारखा पाऊस. कार्यालयाच्या दारामागे त्याची छत्री होती, ती घेतली. थांब्यावर पोलिसाने धरलं तेव्हा तीच डोक्यावर होती. मुठीवर मालकाचं नाव होतं."

"पण पासपोर्ट तुमचे होते! कोर्टात सांगायचं की!"

"दुभाष्या घाईत होता. न्यायाधीशांनी विचारलं, जे आपलं नाही ते तू घेतलंस का? मला छत्री आठवली. मी हो म्हणाले."

शेंगेने टेबलावरचं डोकं वर उचललं.

"पासपोर्टांची मला कधी लाज वाटली नाही," ती म्हणाली. "त्यांची पावती होती. छत्रीची नव्हती. ती चोरीच."

"आणि घरी का नाही सांगितलंस?"

"आईने 'चोरी' एवढंच ऐकलं असतं. पुढचं कोण ऐकतंय? मग तुमचं स्थळ आलं. तुम्ही भेटायला आलात ते माझे दात बघत बसलात. वाटलं, हा माणूस बरा आहे, याला सांगू. पुढच्या आठवड्यात सांगू."

"मग?"

"मग काय, एकोणीस वर्षं पुढचा आठवडा."

मी हळूच विचारलं, "नोव्हेंबरात फोन येतो, तो..."

"ट्रॅक्टरवाली. तिची आई ती पोचल्यावर सात महिने होती. ती पोचली, त्या तारखेला दरवर्षी फोन करते." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

एकोणीस वर्षं मी त्या बाईला मिशा लावल्या होत्या.

१५ मार्च

वकीलीणबाईंनी निकाल वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. म्हणाल्या, "बाई, ही केस मला चोवीस वर्षांपूर्वी मिळायला हवी होती." त्या मुलींपैकी कुणाची साक्ष मिळेल का, विचारलं.

ट्रॅक्टरवालीने बाकीच्यांना शोधलं. आज आमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर नऊ चौकोन उघडले आणि नऊ बायका एकदम बोलायला लागल्या. एकीच्या हाताला पीठ होतं, एक बसचालकाच्या गणवेशात, एकीच्या मांडीवर नातू. सगळ्या हिला कुठल्याशा एकाच नावाने हाक मारत होत्या. मी अर्थ विचारला तर ही लाजली. शेंगेने खोदून खोदून काढलं: मुकादम.

ही त्या भाषेत बोलते तेव्हा हात हलवते, खुर्चीत पाय वर घेऊन बसते, मध्येच दुसऱ्याचं तोडते. मी अशी बाई कधी पाहिली नव्हती. चहा घेऊन गेलो तर ट्रॅक्टरवाली मला बघून काहीतरी म्हणाली आणि नऊच्या नऊ जणी हसल्या.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तू म्हणाली होतीस त्यापेक्षा बरा दिसतो."

नऊही जणी पत्र लिहून पाठवणार आहेत.

२० मार्च

हिचं पत्र झालं. दीड पान. त्यातलं अर्धं पान छत्रीवर. वकीलीणबाई म्हणाल्या, छत्री एका ओळीत आटपा. ही म्हणाली, "गुन्हा तोच आहे. बाकीचं एका ओळीत आटपते."

शेवटी दोन्ही राहिलं. सहीखाली तारीख आणि वेळ.

२ एप्रिल

अर्ज गेला. पान एकोणीसवर हिने शाईने 'हो' लिहिलंय, ठसठशीत.

आता मला तितकी घाई वाटत नाही. आज लॅबमध्ये मेणाचे दात कोरताना शीळ घालत होतो, मालक म्हणाले, "व्हिसा आला वाटतं?" म्हटलं, नाही, असंच.

२२ मे

वकिलातीत मुलाखत. तिघांनाही बोलावलं होतं. ही पहाटेपासून फायली लावत होती. मी इतका घाबरलो होतो की डावा-उजवा बूट उलटसुलट घातला, आणि ते तिथे पोचल्यावर कळलं.

अधिकारी बाई पन्नाशीच्या, तोंडावरची रेषा न हलवणाऱ्या. बाजूला दुभाषी, हा मात्र निवांत. माझे दोन प्रश्न, शेंगेचा एक. मग हिची फाईल उघडली. नऊ पत्रं होती, ती एकेक करून उलटली. वाचली असणारच आधी, तरी पुन्हा वाचली. घड्याळाचा आवाज येत होता.

"तुम्ही कुलूप तोडलंत, हे मान्य आहे?"

"आहे."

"पोलिसांकडे का नाही गेलात?"

"गेले होते. दोनदा. त्यांना माझी भाषा कळली नाही. पत्रात लिहिलंय, तारखांसह."

बाईंनी पान उलटून पाहिलं. मान हलवली. मग पेन खाली ठेवलं.

"एक विचारते. आज पुन्हा तशीच वेळ आली, तर काय कराल?"

वकीलीणबाईंनी याबद्दलच बजावलं होतं. या प्रश्नाला म्हणायचं, मला पश्चात्ताप आहे, पुन्हा असं होणार नाही. मी मनातल्या मनात हिला तेच वाक्य ढकलत होतो. म्हण बाई, म्हण!

हिने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून.

"पासपोर्ट काढीन," ती म्हणाली. "छत्री राहू देईन. भिजत जाईन."

दुभाष्याने सांगितलं. बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. मग अधिकारी बाई हसल्या, आणि मला त्यांचे दात पहिल्यांदा दिसले. वरच्या डाव्या बाजूची एक कॅप दोन छटा गडद आहे. मी तिकडे गेलो तर ती मी फुकट बदलून देईन.

"निर्णय पत्राने कळवू," म्हणाल्या.

बाहेर पडल्यावर मी हिला विचारलं, "ठरल्याप्रमाणे का नाही बोललीस?"

"खोटं लिहायचं नाही म्हणून एवढं केलं, आणि तोंडानं खोटं बोलायचं?" मग माझ्या पायाकडे पाहिलं. "तुमचे बूट असे का?"

आम्ही तिघं वकिलातीच्या पायरीवर बसून हसत सुटलो. पहारेकऱ्याने उठवलं.

११ जून

मिळाला! तिघांनाही!

हिला वाचनालयात फोन केला. तिथे मोठ्याने बोलायला मनाई आहे आणि तो नियम हिनेच लावलाय. ही फोनवर किंचाळली. मागून कुणीतरी 'श्श' केलेलं मला ऐकू आलं.

२८ जून

निरोपाचा समारंभ. लॅबमधली माणसं, वाचनालयातली माणसं, वकीलीणबाई, शेजारी, सगळे आमच्या दोन खोल्यांत मावले कसे कोण जाणे. लॅबने मला एक कवळी भेट दिली, वरच्या दातांवर माझं नाव कोरलेली. कोण घालणार ती?

मग वाचनालयाच्या मुख्य बाईंनी सहज विचारलं, "व्हिसाला काही अडचण नाही ना आली?"

मी हिच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता विषय बदलेल.

ही खुर्चीवर उभी राहिली. खरंच उभी राहिली, पातेलं वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाली, "अडचण म्हणजे काय, मी गुन्हेगार आहे. ऐका."

आणि सांगितलं. मालक, ट्रॅक्टरवाली, अकरा वेळा, सगळं. कात्री कशी धरली ते करून दाखवलं. मालकाचा आवाज काढला. पावतीपाशी लॅबचे मालक हसता हसता खाली बसले. वाचनालयाच्या मुख्य बाई, ज्यांना मी आजवर हसताना पाहिलं नव्हतं, शेंगेच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. आणि हिने खण उघडला, तेवढ्यात बाहेरून कुत्रा भुंकला. मोठा, काळा, साखळी तोडून आलेला! ही खुर्चीवरूनच एक पाय वर घेऊन दाखवत होती, कुत्रा दारात, ती टेबलावर, एका हातात चौदा पासपोर्ट, दुसऱ्या हातात कात्री. कुणाच्या हातातला चहा हलेना.

कोर्टाच्या कागदात कुत्रा नाही. तिच्या पत्रात नाही. नऊ जणींच्या नऊ पत्रांत नाही.

हिने माझ्याकडे पाहिलं. खळी पडली होती.

"खरंच कुत्रा होता?" वकीलीणबाईंनी मला विचारलं.

"होता तर," मी म्हणालो. "फार मोठा होता."